'देवराई' आणि आमचे काका

परवा 'देवराई' पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा चित्रपट. अतुल कुलकर्णी त्यात शेष झालाय. हुशार, हळवा आणि स्किझोफ्रेनिया झालेला. गावच्या देवराईनं, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानानं, त्याला पुरतं झपाटलंय. सोनाली कुलकर्णी त्याची बहीण, सीना. ती त्याला आपल्या घरी आणते आणि तिच्या संसाराची घडी विस्कटते. माझ्या ओळखीत या चित्रपटाचं नाव ऐकलेले बरेच आहेत, पाहिलेले मोजके.

'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पर्यावरण रक्षणावरचा चित्रपट म्हणून. हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. माणूस डोळ्यांदेखत तुटतोय आणि परीक्षकांना झाडं दिसली! न्यायानं बोलायचं तर देवराई आणि शेष वेगळे काढता येत नाहीत, हेही खरं. आणि आम्ही तरी काय वेगळं केलं होतं?

पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळे घरी जमलो होतो. भाड्यानं सीडी आणली होती. नंतर जेवताना गप्पा रंगल्या. कोकण काय सुंदर दिसतं, हल्ली देवराया कशा तोडतात वगैरे. शेषबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. भिंतीवर काकांचा फोटो होता.

काकांना नक्की काय झालं होतं हे आमच्याकडे कधी ठरलंच नाही. कोणी म्हणे स्वभावच तसा, कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे लग्न करून द्या, सुधारेल. डॉक्टरांकडे नेलं ते फार उशिरा. पाहुणे आले की काका माडीवर. त्यांचं ताट घेऊन आत्या वर जायची. कित्येक वर्षं तीच जायची.

म्हणून 'जनजागृती करणारा चित्रपट' असं कोणी म्हटलं की मला खटकतं. जागृती नेहमी दुसऱ्याची करायची असते. मला तो सीनाचा चित्रपट वाटतो. भावावर जीव आहे आणि कधीकधी तो नकोसाही होतो, हे दोन्ही एकाच बाईच्या मनात राहू शकतं, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. आत्याला कोणी कधी विचारलं होतं का, की तुला कंटाळा येतो का? मीही नाही विचारलं.

याच जोडीच्या 'कासव'मध्ये नैराश्यातला तरुण आहे, समुद्र आहे, कासवं आहेत. त्याला मात्र २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. म्हणजे परीक्षक पुढे गेले. आमच्या घराचं काय ते माहीत नाही.

असो. आत्या, तू हे वाचशीलच. रागावू नकोस. दिवाळीत येतोय, तेव्हा 'देवराई' पुन्हा पाहू. या वेळी झाडांबद्दल नको बोलूया.