मालकांचे सख्य आणि मल्लांची मजुरी

अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई आणि टीएनए या दोन व्यावसायिक कुस्ती कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये अनेक वर्षांच्या सहकार्याचा करार जाहीर केला. मे महिन्यात टीएनएचा जगज्जेतेपदाचा पट्टा डब्ल्यूडब्ल्यूईशी करारबद्ध असलेल्या ट्रिक विल्यम्सच्या कमरेला बांधला गेला. दरम्यान एप्रिलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मेक्सिकोतील एएए ही कंपनी एका स्थानिक भागीदारासह विकत घेत असल्याची घोषणा केली होती. तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्याही मागे नव्हत्या. ऑल एलिट रेसलिंग आणि न्यू जपान यांनी जून २०२२ मध्येच शिकागोत संयुक्त कार्यक्रम करून त्याला ‘निषिद्ध द्वार’ अशा अर्थाचे नाव दिले होते. जे मल्ल समोरासमोर येणे अशक्य वाटत होते ते एका आखाड्यात दिसले, म्हणून शौकीन हरखून गेले. त्यांच्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हे दार उघडण्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, हा प्रश्न त्या जल्लोषात विचारला गेला नाही.

ज्या कुस्तीचा निकाल आधी ठरतो तिची चर्चा या पानावर कशासाठी, असे काही वाचक म्हणतील. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द राजकारणातही सढळ हाताने वापरला जातो. परंतु निकाल ठरलेला असला तरी पाठीवर आपटणे ठरवून सौम्य होत नाही. मणका मोडतो तो खराच. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपण होऊन सांगितले की आपला खेळ म्हणजे केवळ करमणूक आहे. उद्देश सत्यकथनाचा नव्हता, क्रीडा नियामकांच्या देखरेखीतून सुटण्याचा होता. मालकाला सोयीचे असेल तेव्हा हा खेळ असतो, गैरसोयीचे झाले की नाटक होते.

मालकांच्या सख्याला इतिहासही आहे. १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे काही प्रवर्तकांनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली. देश इलाख्यांत वाटून घेतला, एकाने दुसऱ्याच्या इलाख्यात शिरायचे नाही असे ठरले आणि जो मल्ल बाहेरच्या प्रवर्तकाकडे काम करील त्याला सर्वत्र दारे बंद झाली. अखेर अमेरिकी न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारला आणि १९५६ मध्ये अलायन्सला न्यायालयीन संमतिपत्रावर सही करावी लागली. त्या काळीही मल्ल एका इलाख्यातून दुसऱ्यात जात, पट्टे फिरत, कार्यक्रम रंगत. त्या व्यवस्थेचे नावही मैत्रीच होते.

याच्या उलट, मालक भांडले तेव्हा मल्लांचे दर वाढले. १९८३च्या अखेरीस व्हिन्स मॅकमॅहन यांनी मिनियापोलिसच्या एडब्ल्यूएकडून हल्क होगनला ओढून घेतले आणि इलाख्यांची जुनी व्यवस्था कोसळली. टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने सप्टेंबर १९९५ पासून सोमवारच्या रात्री मॅकमॅहन यांच्याच वेळेला आपला कार्यक्रम लावला. पुढच्या वर्षी स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश हमीच्या रकमेचे करार घेऊन तिकडे गेले. बाजारपेठेचे समर्थक हे उदाहरण मोठ्या उत्साहाने देतात. पण मार्च २००१ मध्ये मॅकमॅहन यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि अमेरिकेतील मल्लांपुढे खऱ्या अर्थाने एकच मोठा गिऱ्हाईक उरला. स्पर्धेने दिलेले स्पर्धेबरोबरच गेले, कारण ते कोणत्याही सामुदायिक करारात नोंदलेले नव्हते.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या दप्तरी मल्ल हा कामगार नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. आरोग्यविमा त्याने स्वतः काढायचा. आपल्या गिरण्यांतील बदली कामगाराला हे स्वातंत्र्य ओळखीचे वाटेल! कुठे आणि केव्हा काम करायचे हे कंपनी ठरवते. मुख्य चमूतील मल्लाला काढून टाकले तरी साधारण नव्वद दिवस त्याला दुसरीकडे उतरता येत नाही. २०२० मध्ये कंपनीने मल्लांना बाहेरच्या संकेतस्थळांवरून स्वतंत्र कमाई करण्यास मनाई केली. म्हणजे मल्ल स्वतंत्र, कमाई मात्र मालकाच्या परवानगीने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झेलिना व्हेगा हिने कामगार संघटनेला पाठिंबा जाहीर केला, आणि त्याच दिवशी तिला मुक्त केल्याची घोषणा झाली.

नावाचीही गोष्ट अशीच. डस्टी ऱ्होड्स या गाजलेल्या मल्लाचा मुलगा कोडी २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून गेला. वडिलांनी आखाड्यात कमावलेले ‘ऱ्होड्स’ हे आडनाव त्याला २०२०च्या अखेरीपर्यंत लावता आले नाही, कारण त्या बोधनामाचा हक्क कंपनीकडे होता. तो ऑल एलिट रेसलिंगच्या संस्थापकांपैकी एक झाला तरी पडद्यावर नुसता ‘कोडी’च राहिला. २०२२ मध्ये तो जुन्या कंपनीत परतला. असे दोन्हीकडे सौदा करण्याचे बळ मूठभर नामांकितांपाशी असते. बाकीच्यांची अदलाबदल दोन मालकांत ठरते.

स्वतःची कंपनी काढणे हा उपाय जपानी मल्लांनी करून पाहिला. २००० मध्ये मित्सुहारू मिसावा यांच्यामागे ऑल जपानचे दोघे वगळता जवळजवळ सर्व जपानी मल्ल बाहेर पडले आणि ‘नोआ’ उभी राहिली. तो सामुदायिक राजीनामा धैर्याचा होता, पण हाती आली ती पुन्हा कंपनीच. जून २००९ मध्ये हिरोशिमा येथे लढतीत आपटल्यावर मिसावा यांचा मृत्यू झाला. कंपनीचे अध्यक्ष असूनही वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी ते आखाड्यात उतरत होते.

संघटनेचा विचार अमेरिकेत १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युरा यांनी सहकाऱ्यांपुढे मांडला होता. ही बातमी होगननेच मालकाच्या कानावर घातली, असे व्हेंच्युरा पुढे सांगत राहिले. ते मिनेसोटाचे राज्यपाल झाले, संघटना मात्र झाली नाही.

सप्टेंबर २०२३ पासून डब्ल्यूडब्ल्यूई आणि मिश्र युद्धकलेच्या लढती भरवणारी यूएफसी या दोन्ही टीकेओ या एकाच उद्योगसमूहात आहेत. एका छोट्या कुस्ती कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूईवर भरलेला मक्तेदारीचा दावा डिसेंबर २०२३ मध्ये दोन कोटी डॉलरना मिटला. तो पैसा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला. यूएफसीच्या लढवय्यांनी मात्र २०१४ मध्ये स्वतःच दावा गुदरला होता. न्यायाधीशांनी पहिली तडजोड नाकारली आणि २०२५ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून नेटफ्लिक्सशी झालेला पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा दहा वर्षांचा करार डब्ल्यूडब्ल्यूईच्या तिजोरीत भर घालू लागला. तिचे मल्ल करारावर सही करतात ती स्वतंत्र कंत्राटदार म्हणूनच, आणि ती सही प्रत्येक जण एकेकटा करतो.