अकरा जण बघतायत? मग गा की!

रात्रीचे साडेनऊ. खाली आईची मालिका संपलीय, शेजारच्यांच्या कुकरची शेवटची शिट्टीही होऊन गेलीय. मी वरच्या खोलीचं दार लावते, दारावर गोधडी टाकते आणि पंखा बंद करते. एप्रिलमधल्या चाळीसगावात पंखा बंद करायचा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण पंख्याची घरघर माइकमध्ये अशी काही शिरते की मी पिठाच्या गिरणीत बसून गातेय असं वाटतं. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवते, उकुलेलेच्या चार तारा सुरात लावते आणि लाइव्हचं बटण दाबते. कोपऱ्यात डोळ्याचं चिन्ह येतं, शेजारी आकडा. शून्य. मग तीन. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, खालच्या खोलीतून. पहिलं गाणं संपेपर्यंत अकरा.

कॉलेजात कुणालाही सांगून बघा, ‘माझ्या लाइव्हला अकरा जण होते.’ समोरचा एकतर हसेल, नाहीतर कीव करेल. गेली दीड वर्षं मीही या आकड्याला घाबरत आलेय. पण आता मला पक्कं वाटायला लागलंय की हा आकडा आपण चुकीचा वाचतोय. आणि तो चुकीचा वाचल्यामुळे आपण गातोयही चुकीचं.

दिवसा मी याच पुरवणीत इंटर्न आहे. सकाळी चाळीसगावहून जळगाव, संध्याकाळी परत. पासवरचं अप-डाऊन काय असतं, ते पाचोऱ्यापासून उभं राहून आलेल्यांना माहीत आहे. गाडी लेट झाली की लाइव्ह लेट. आठवड्यातले तीन दिवस ठरलेले असतात, कारण वेळ पाळली नाही तर ते अकराही येत नाहीत. लाइट गेली की राउटर बंद, मग मोबाइलचा डेटा, मग अर्ध्या गाण्यात गोल फिरणारं चक्र. लग्नसराईत तर बोलायलाच नको. समोरच्या मंगल कार्यालयात डीजे सुरू झाला की माझं उकुलेले म्हणजे आगगाडीसमोर सायकलची घंटी.

आणि उन्हाळ्यात ते लवकर बेसूरही होतं. नायलॉनच्या तारा तापल्या की उतरतात. दर दोन गाण्यांनंतर पुन्हा सुरात लावायचं, तोवर प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या. ‘ही गिटार एवढीशी कशी?’ हा प्रश्न रोज येतो. ‘खेळण्यातलं आहे का?’ हा घरी आलेल्या काकांचा.

या खेळण्याची गोष्ट ऐका. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज हवाई बेटांवरच्या होनोलुलूला लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून आलेले चारशेहून जास्त लोक होते. कशासाठी आले होते? उसाच्या मळ्यांत मजुरी करायला. त्यांच्यासोबत त्यांचं छोटं चार तारांचं वाद्य आलं. जहाजावरच्या तीन सुतारकाम करणाऱ्यांनी पुढे होनोलुलूत तशी वाद्यं बनवायला घेतली आणि त्यातून उकुलेले तयार झालं. या नावाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. बोटं तारांवर तशीच उड्या मारतात म्हणून.

मला हे कळलं तेव्हा आपल्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी माणसं आठवली. कॅफेत, गोऱ्या गोऱ्या रील्समध्ये दिसणारं हे वाद्य मुळात ऊसमजुरांच्या सामानातून आलेलं आहे. तेव्हा ‘आपल्याकडे हे शोभत नाही’ असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा.

आकड्याच्या मागे

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मी फक्त आकड्यासाठी गायले. जे गाणं ट्रेंडिंगला, तेच. एका रात्री ‘केसरिया’ गायले आणि आकडा दोनशेच्या वर गेला. झोपच लागली नाही. दुसऱ्या दिवशी तेच गाणं, त्याच वेळी, तोच कुर्ता घालून. सहा जण! रात्री दोनपर्यंत मी कारण शोधत बसले होते. पुढचे कित्येक दिवस गाण्याचा रियाज कमी आणि आलेख बघणं जास्त.

त्यात कॉपीराइट. ‘मीच गायले, मीच वाजवलं, मग कुणाच्या बापाचं काय?’ असं मलाही वाटायचं. पण गाण्याचे शब्द आणि चाल कुणाच्या तरी मालकीची असते, आणि यूट्यूब लाइव्ह चालू असतानाही ते तपासतं. मालकाचा दावा लागला तर व्हिडिओ गेला किंवा त्याचे पैसे मालकाला. प्रसंगी चालू लाइव्हच्या जागी नुसतं स्थिरचित्र दिसायला लागतं.

पैशाचंही एकदाचं बोलून टाकू, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात तेच आहे. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळवायचे तर एक रस्ता असा: १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं असणं. सुपरचॅटमधून कुणी १०० रुपये दिले तर साधारण ७० तुमचे, बाकी कंपनीचे. इन्स्टाग्रामने तर २०२५ च्या ऑगस्टपासून लाइव्हलाच १००० फॉलोअरची अट घातली. म्हणजे नव्याने शिकणाऱ्याला तिथे दार बंदच. माझी दीड वर्षाची कमाई शून्य रुपये आहे आणि तारांचे तीन सेट मी स्वतःच्या पैशाने घेतलेत. तेव्हा ‘लाइव्ह करून करिअर करतो’ म्हणत परीक्षा सोडू नका, ही मैत्रीण म्हणून विनंती.

आणि मुलींनो, कमेंट. ‘आवाज नको, चेहरा जवळ आण’ पासून सुरुवात होते. मी काही शब्द आधीच ब्लॉक करून ठेवलेत, भावाला मॉडरेटर केलंय, आणि खिडकीबाहेरचं काही कधी दाखवत नाही. सहन करणं हा कलेचा भाग नाही. बटण दाबा, हाकलून द्या.

मग एवढं सगळं असताना मी हे सोडलं का नाही? गेल्या आखाजीमुळे.

आजीचं कडवं

त्या रात्री लाइट गेली. वर बसवेना म्हणून मी उकुलेले घेऊन ओट्यावर आले आणि मोबाइलच्या डेटावर लाइव्ह सुरू केलं. आजी बाजेवर बसली होती. तिने विचारलं, ‘‘हाई काय शे वं?’’ मी सांगितलं, लोक ऐकतायत. ती गल्लीत इकडे तिकडे बघत म्हणाली, ‘‘कोठे बठेल शेतस लोके?’’

मी म्हटलं, आजी, गा ना आखाजीचं. आधी नाही नाही झालं. ‘तोंड दाखवायचं नाही’ ही अट घातली. मग मी मोबाइल उकुलेलेकडे वळवला आणि ती गायला लागली. लेक माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, गौराईपुढे बसून बाया जी गाणी म्हणतात, त्यातलं एक. मी साथ द्यायला गेले आणि फजिती झाली. आजीचा सूर माझ्या ट्यूनरच्या कुठल्याच खुणेवर बसेना. ती थोडी वर, मी थोडी खाली. शेवटी ॲप बंद केलं आणि चारही तारा आजीच्या सुराला लावल्या. मग जमलं. दोन कॉर्ड्समध्ये अख्खं गाणं बसलं.

चौदा जण होते. आजी दोन कडवी गाऊन थांबली. पुढचं आठवत नव्हतं. तेवढ्यात सुरतहून एका बाईंची कमेंट आली. खान्देशातून सुरतेला गेलेली किती कुटुंबं आहेत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझी आई हेच म्हणायची, तिसरं कडवं असं होतं,’ आणि खाली चार ओळी टाइप केल्या होत्या. मी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. आजी एकदम सरळ बसली. ‘‘हां, हाईच!’’ म्हणाली आणि ते कडवं गाऊन टाकलं.

मी ते वहीत लिहून ठेवलंय. विचार करा, ते कडवं आमच्या घरातून गेलं होतं. आजीच्या डोक्यातून गेलं होतं. चौदा जणांमधल्या एका बाईकडे ते होतं. त्या रात्री चौदा हजार लोक असते तर कमेंटच्या पुरात मला ती ओळ दिसलीही नसती.

ऐकणारा एक

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपण शाळेत शिकलो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांनी मनावर घेतल्यावर, ती पुस्तकरूपाने आली. घरातल्या माणसांनी कान दिला नसता तर? आपल्या गावांत किती बहिणाबाई अशाच निघून गेल्या असतील, ज्यांच्या घरात लिहून घेणारा कुणी नव्हता? आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात लिहून घेणारा, ऐकणारा, साठवणारा मोबाइल आहे. आणि आपण त्यावर काय करतोय? मुंबईचं गाणं मुंबईच्या उच्चारात गाऊन मुंबईच्या प्रेक्षकांची वाट बघतोय.

माझा वर्गमित्र म्हणतो, ‘‘अहिराणी ऐकणार कोण?’’ त्याने स्वतः वरातीत ‘हाई झुमकावाली पोर’वर घाम निघेपर्यंत नाच केलाय! अहिराणीतलं ते गाणं यूट्यूबवर कोटींच्या घरात पाहिलं गेलं. शेजारच्या मालेगावची ‘खानदेश का दादा’ ही मालिका आणि तिच्यातला छोटूदादा महाराष्ट्राबाहेरचे लोकही बघतात. भाषा आड आली नाही. पण माझा मुद्दा कोटींचा नाहीच. ते तसं व्हायला पाहिजे असंही नाही. मुद्दा एवढाच की ‘आपलं कोण बघणार’ ही भीती खोटी आहे.

दुसरा म्हणतो, ‘‘इथे राहून काही होत नाही, पुण्याला जा.’’ त्याला मी स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या घरी घेऊन गेले. गावातलीच पोरं तिथे गेलेली नसतात, हे आपलं दुर्दैव. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये कला शिकून आलेला हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगावातल्या त्या एका घरात राहिला. फारसा बाहेर पडलाच नाही. टेबलावर वस्तू मांडून अख्खा निसर्ग उभा करणारी त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं मात्र जगभर गेली. सांगतात की मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या वेळी ते रोज रात्री घराचं दार उघडं ठेवायचे, कारण त्यांना एका व्यक्तीची वाट होती. खरं-खोटं आता कोण सांगणार? ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. हे मान्य, की त्यांच्याकडे घर होतं, शिक्षण होतं, आपल्यातल्या सगळ्यांकडे ते नसतं. पण माणूस चाळीसगावात आणि काम जगात, हे मोबाइल यायच्या आधी झालेलं आहे.

मग आपण काय करायचं? मी जे करते ते सांगते, पटलं तर घ्या.

एक, लाइव्ह सुरू झालं की मी आकड्यावर छोटा कागद चिकटवते. अक्षरशः, स्क्रीनवर. कमेंट दिसतात, आकडा नाही. कमेंट करणारा माणूस असतो.

दोन, तीनपैकी एक लाइव्ह घरातल्या गाण्यांचं. आखाजीची, कानबाईची, जात्यावरची. घरात कुणी गात नसेल तर शेजारी विचारा. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या गाण्यांचा एकच मालक नसतो. पण कुणी केलेल्या रेकॉर्डिंगचा असतो, म्हणून रेकॉर्डिंग वाजवू नका, स्वतः गा.

तीन, गाणाऱ्या माणसाला आधी विचारा. चेहरा नको म्हणाली तर नको. लाइव्ह संपल्यावर फाइल उतरवून घ्या आणि तिच्या नावात गाव, तारीख आणि कोण गायलं ते लिहा. फोन बदलला की सगळं जातं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

एवढ्याने कुणी श्रीमंत होणार नाही. माझा आकडा आजही वीसच्या पुढे क्वचितच जातो. पण सुरतच्या त्या बाई दर आठवड्याला येतात. मागच्या खेपेला त्यांनी आपल्या सासूबाईंना सोबत बसवलं होतं, आणि आमच्या आजीने मला दम दिला की त्यांना आधी गायला सांग, आपण नंतर.

आखाजी जवळ आलीय. आजीने कालच विचारलं, यंदा तो मोबाइल ओट्यावर आणणार ना? मी हो म्हटलंय. तुमच्याही घरी लेकी माहेरी येतील, निंबाला झोके बांधले जातील. त्या दिवशी लाइट असो-नसो, ओट्यावर जाऊन बसा. वाद्य नसेल तर टाळ्या वाजवा. आणि कोपऱ्यात अकरा दिसले, तर तेवढ्या माणसांना बसायला आमच्या ओट्यावर जागा पुरत नाही, एवढं लक्षात ठेवा.