मीठ कुठून आणणार?

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बीड जिल्ह्यात दोन हंगाम एकदमच लागतात. बालाघाटच्या डोंगरातून सीताफळाच्या पाट्या खाली उतरतात आणि गावोगावच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मोबाइलवर मात्र तिसराच हंगाम बारमाही चालू असतो. कुणीतरी नोकरी सोडून डोंगरात मातीचे घर बांधतो, आपल्यापुरती भाजी पिकवतो, चुलीवर भाकरी भाजतो आणि शहरातले लाखो लोक ते बघत ‘असं जगता आलं पाहिजे’ म्हणतात. यंदाच्या अंकासाठी ‘रानातले स्वयंपूर्ण जगणे’ हा विषय निवडला तो या ओढीमुळे. ती खोटी नाही. घराचे हप्ते, गर्दी आणि सतत वाजणारा फोन यांना विटलेल्या माणसाला डोंगर खुणावणारच. पण बीडमध्ये बसून या विषयावर अंक काढायचा, तर डोंगरात राहिलेल्यांनाही दोन गोष्टी विचारायला हव्यात.

या डोंगरात स्वयंपूर्ण म्हणावे असे कुणी असेल तर ते सीताफळाचे झाड. मुरमाड उतारावर आपसूक उगवते, पाण्यासाठी अडून बसत नाही, पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नव्हे. मात्र डोळे उघडलेले फळ तोडले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते. तेवढ्यात पाटी सडकेला लागली आणि गिऱ्हाईक भेटले तर पैसे, नाहीतर शेणखतात भर. झाड कितीही निर्धास्त असो, ते तोडणाऱ्या बाईला बाजाराची वेळ गाठावीच लागते.

पूर्वीही निराळे नव्हते. या मुलखात रानावनाशी खरा संसार केला तो लमाणांच्या तांड्यांनी. पण त्यांचे जगणे चालले ते व्यापारावर. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते कोकणातले मीठ घाटावर आणत आणि घाटावरचे धान्य खाली नेत. डोंगरातल्या सर्वांत दूरच्या वस्तीलाही मिठासाठी या लदेणीची वाट पाहावी लागे. पुढे आगगाडी आली, रस्ते झाले आणि लदेणीचा धंदा बुडाला. गेवराई, माजलगाव, परळीकडच्या तांड्यांतल्या अनेक घरांत आज ऊसतोडीचा कोयता आहे.

मिठावाचून जगून पाहिलेल्यांची हकिगतही उपलब्ध आहे. रशियातले लाइकोव्ह कुटुंब धर्मछळाला कंटाळून १९३६ मध्ये सायबेरियाच्या अरण्यात शिरले. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांना ते सापडले, तोवर त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंधच राहिला नव्हता. दुसरे महायुद्ध होऊन गेल्याचेही त्यांना ठाऊक नव्हते. १९६१ मध्ये जून महिन्यात बर्फ पडून पीक गेले, तेव्हा मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून आई उपाशी राहिली आणि गेली. बियाण्याला राई या धान्याचे एकच रोप उरले होते. उंदीर-खारींपासून ते वाचवायला घरच्यांनी रात्रंदिवस राखण केली. पाहुण्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी त्यांनी आधी एकच घेतली, मीठ. पूर्ण स्वावलंबनाची किंमत इतकी असते.

बीडकरांना त्यासाठी सायबेरियात जायला नको. १९७२ च्या दुष्काळात घरच्या कणग्या रिकाम्या झाल्या आणि स्वतःच्या शेताचा मालक खडी फोडायला गेला. तेव्हा जगवले ते रोजगाराच्या कामाने, सुकडीने आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोने.

आणि रानात राहणे म्हणजे काय, हे आजही इथले लोक दरवर्षी भोगतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. उसाच्या फडाशेजारी पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, आत शिरायचे तर वाकून. दाराशी तीन दगडांची चूल, कोपऱ्यात घरून आणलेले पीठ आणि चटणी. बाई अंधारात उठते, पाणी शोधून आणते, भाकरी थापते, मग थंडीत फडात उतरते. ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, वाढे विकून चार पैसे करायचे. वीज नाही, भिंत नाही, वर उघडे आभाळ. मोबाइलवरच्या त्या चित्रफितीत जे जे दिसते ते सगळे इथे आहे. फरक एवढाच की उचल फिटल्याशिवाय इथून घरी जाता येत नाही.

स्वखुशीने रानात गेलेली आणि तिथे टिकलेली माणसेही आहेत. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकसाला गेले, तिथे १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. आमच्या बीड जिल्ह्यातच शिरूर कासार तालुक्यात, तागडगावच्या माळावर सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे ‘सर्पराज्ञी’मध्ये जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडतात. अंबाजोगाईबाहेर बालाघाटच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० मधला मानला जाणारा त्यांचा ‘विवेकसिंधु’ लोकांना कळेल अशा मराठीत आहे. यांपैकी कुणीही माणसांशी संबंध तोडलेला नाही. आमट्यांच्याच आनंदवनात जवळपास सगळे पिकते आणि बनते. बाहेरून येते ते मीठ, साखर आणि पेट्रोल, असे सांगतात. आता साखर म्हटली की बीडचा कोयता आलाच!

ज्याला रानात जायचे आहे त्याने जरूर जावे, हा अंक त्याला अडवणार नाही. जमिनीचा सौदा करण्याआधी मे महिन्यात एकदा तिथल्या विहिरीत डोकावावे, साप चावला तर दवाखाना किती लांब आहे ते पाहावे आणि मुख्य म्हणजे शेजार कसा आहे याची चौकशी करावी. आणि ऊसपट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. दिवाळी झाली की तुमच्या शिवारात आमच्या जिल्ह्यातल्या कोप्या पडतील. बोअरच्या पाण्याला त्यांना नाही म्हणू नका, जमले तर एका दिव्यापुरती वायर ओढून द्या आणि त्यांची लेकरे जवळच्या शाळेत बसतील एवढे पाहा.