भरवसा टायरवर हवा

हिवाळ्यात लाहौल-स्पीतीकडे कंपनीतून आली तशीच एसयूव्ही घेऊन निघणाऱ्यांचा सारा भरवसा फोर-बाय-फोरवर असतो. तो चुकीच्या जागी आहे. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी चढावर ओढते. उतारावर तिला थांबवते ती टायरची पकड, आणि साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतं. मुळात पकडच नसेल तर एबीएस ती कुठून आणणार? स्थानिक चालक साध्या गाड्या नेतातच की, असं कुणी म्हणेल. नेतात, पण चाकांना साखळ्या बांधून, खालच्या गिअरमध्ये, आणि सावलीतल्या कोणत्या वळणावर बर्फाचा न दिसणारा थर धरतो हे ठाऊक असल्यामुळे. गाडी उंच करण्याआधी हिवाळी टायर आणि साखळ्यांवर खर्च करा, आणि रस्ता बंद असेल तर मागे फिरा.