पिकअप बदलण्याआधी

‘भाई, बेसला दम नाही. कोणते पिकअप टाकू?’ ऑर्केस्ट्रात वाजवणारी तरुण मुलं मला हा प्रश्न वारंवार विचारतात. मी उलट विचारतो, तारा शेवटच्या कधी बदलल्या? बहुतेकांना आठवत नाही. इंटरनेटवर कुठला पिकअप चांगला, हे मात्र तोंडपाठ असतं. लग्नाच्या हंगामातल्या कित्येक रात्रींची कमाई त्या एका परदेशी डबीत जाते. म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

माझं मत सरळ आहे. पिकअप बदलणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आणि बदलायचेच असतील तर ते काम स्वतः शिकून करावं.

पिकअप म्हणजे काय? चुंबकं आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण 0.06 मिलिमीटर जाडीची, केसासारखी बारीक असते. वर बेसची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये किंचित वीज तयार होते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसणाऱ्याला हे समजायला पाच मिनिटं पुरतात. पिकअप आवाज निर्माण करत नाही, तार जे देते तेच पुढे पाठवतो. मळलेली, मेलेली तार महागड्या पिकअपखालीही मेलेलीच राहते. मोटाउनच्या स्टुडिओत वाजवणारे जेम्स जेमरसन गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा क्वचितच बदलत, हे खरं. पण तो बोथट, गोल आवाज त्यांना हवाच होता. आपल्याला चमकदार आवाज हवा असेल आणि तारा दोन वर्षं जुन्या असतील, तर दोष पिकअपचा नाही.

मग पिकअप बदलण्याचं खरं कारण कोणतं? माझ्या मते तीन. कॉइल तुटलेली असणं, स्वस्त पिकअपमुळे तारांचा आवाज समतोल न येणं आणि गुणगुण. यातली गुणगुण आपल्याकडे फार छळते. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यात मांडवातले डिमर, जनरेटर आणि अर्थिंगचा पत्ता नाही. साधी एकेरी कॉइल हे सगळं पकडते. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तेव्हा त्यावर अशीच एकेरी कॉइल होती. 1957 मध्ये तिचे दोन तुकडे झाले. दोन्हींचे वेढे आणि चुंबकांची दिशा उलटसुलट ठेवली, त्यामुळे तारांचा आवाज टिकतो आणि गुणगुण एकमेकींना मारते. 1960 च्या जॅझ बेसवर दोन वेगळे एकेरी पिकअप असतात. आजच्या बहुतेक जॅझ बेसमध्ये तेही असेच उलटसुलट असल्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की शांतता, एक कमी केला की गुणगुण परत. ज्याला एकच पिकअप उघडा ठेवून वाजवायचं आहे, त्याने त्याच मापाचा गुणगुण मारणारा पिकअप जरूर घ्यावा. त्याआधी ब्रिजखालची अर्थची तार तुटलेली नाही ना, हे पाहावं. बेसच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली तरी बराच फरक पडतो, आणि तो खूप स्वस्तात पडतो.

निवडताना लोक ओमचा आकडा पाहतात. जास्त ओम म्हणजे जास्त ताकद, हा समज अर्धवट आहे. तार नुसती बारीक वापरली तरी ओम वाढतात. वेढे वाढवले तर आवाज मोठा होतो, पण वरचे सूर दबतात. आकड्यापेक्षा आपल्याला काय कमी पडतंय, ते आधी शब्दांत मांडा: खालचा ठोका, मधला भराव की वरची धार? मग माप घ्या. जॅझ बेसवर ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा किंचित लांब असतो. अनेक स्वस्त बेसवर मात्र दोन्ही एकाच मापाचे असतात. न मोजता मागवलं की पोकळी कोरत बसावं लागतं. बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेतले तर साधारण 25 हजार ओमचे पॉट लागतात, जुने अडीच लाख ओमचे चालत नाहीत. शिवाय 9 व्होल्टच्या बॅटरीला जागा हवी, आणि केबल जॅकमध्ये तशीच राहिली तर बॅटरी विनाकारण उतरत राहते.

बसवणं अवघड नाही. आधी जुन्या जोडणीचा फोटो काढा. नवा पिकअप मल्टिमीटरवर तपासा; जॅझचा साधारण 7 ते 8 हजार ओम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. डाख चकचकीत बसला पाहिजे, गोळा होऊन राहता कामा नये. तारा चढवण्याआधी अँप लावून पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर हलकेच टेकवा, टकटक ऐकू आली पाहिजे. दोन्ही पिकअप एकत्र उघडल्यावर आवाज पोकळ झाला, खालचा सूर गायब झाला, तर त्यांची दिशा उलटी आहे. दोनपैकी एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा. त्या पिकअपच्या धातूच्या झाकणाला अर्थ जोडलेला असेल, तर आधी तो वेगळा करावा लागतो.

पण खरं काम यानंतर सुरू होतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तार व पिकअपमधलं अंतर मोजा. जाड तारेखाली 3 मिलिमीटर, बारीक तारेखाली 2 ते अडीच, इथून सुरुवात करा. फार जवळ आणलं तर चुंबक तारेला खेचतं, सूर डगमगतो, लवकर विझतो. चारही तारा सारख्या जोराने वाजवत अर्धा-अर्धा फेरा स्क्रू फिरवा, पुन्हा ऐका. ज्यांना पिकअपच बदलायचे होते, त्यांच्यातले कितीतरी जण या टप्प्यावर जुन्याच पिकअपवर समाधानी होतात. यासाठी एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक निवांत दुपार पुरते.

आमच्या वस्त्यांत डाख देणारे, कॉइल गुंडाळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरी त्या कामाला आपण शिक्षण सुटलेल्या पोराचं काम समजतो, आणि डबीवर परदेशी नाव दिसलं की डोळे झाकून पैसे मोजतो. बेस वाजवणाऱ्याने आपलं वाद्य उघडून पाहावं, शेजारच्या रिवाइंडिंगवाल्याकडून डाख द्यायला शिकावं. त्यानंतरही नवे पिकअप हवेसे वाटले तर खुशाल घ्यावेत. तेव्हा काय विकत घेतोय, हे तरी त्याला माहीत असेल.