काव्यचर्चा : उंबरठ्याचा मान

माझ्या एका स्नेह्यांनीं गेल्या पंधरवड्यांत वहीचा एक कागद माझ्यापुढें ठेवला. ‘मास्तर, आमच्या सूनबाईंनीं कविता केली आहे. स्वतःला घराचा उंबरठा म्हटलें आहे पोरीनें! तुमच्या सदरांत येऊं द्या.’ त्यांच्या चेहऱ्यावरचें समाधान पाहून मींही चष्मा पुसून घेतला. नांव न छापण्याच्या अटीवर कवयित्रीनें अनुज्ञा दिलेल्या पांच ओळी अशा :

उंबरठा मी या दाराचा,
सकाळ होतां हळदीकुंकू;
किती लाभला मान मला हा!
ओलांडुनि मज गेले सारे;
दिवे मालवले, मी जागा.

यमक नाहीं. मात्रा सोळा सोळा बसल्या आहेत. शेवटच्या ओळींत मात्र एक कमी. शिक्षकाचा हात स्वस्थ बसत नाहीं. मीं पेन्सिलीनें ‘जागा’पुढें एक ‘च’ घालून मात्रा भरून काढली.

आतां अर्थ. बोलणारा खरोखर उंबरठाच मानला, तर ही अन्योक्ति होते. सून बोलते असें मानलें, तर रूपक. स्नेह्यांनीं रूपक धरलें, तें योग्यच. परंतु उपमेय आणि उपमान सांपडल्यानें काम भागत नाहीं. त्यांना जोडणारा साधारणधर्म कोणता, हें पाहावें लागतें. मुखाला चंद्र म्हणतांना चंद्राचा आल्हाद घ्यावयाचा, डाग घ्यावयाचा नाहीं, हें कोणी न शिकवितांच आपण जाणतों, कारण ती वाट कवींनीं शतकानुशतकें मळविली आहे. नवशिक्याच्या रूपकाला अशी मळलेली वाट नसते. उंबरठा पूजिला जातो, तसा ओलांडिलाही जातो. तो धड आंतला नव्हे, धड बाहेरचा नव्हे. यांतलें घ्यावयाचें काय? स्नेह्यांनीं पूज्यता घेतली. मला चौथ्या ओळीनें अडविलें. ती वाचून पुन्हा तिसरीकडे वळलों, तों ‘किती लाभला मान’ यांतलें कौतुक नाहींसें होऊन ‘कसला आला आहे मान!’ असें ऐकूं येऊं लागलें. पांचवी ओळ मला केवळ भरतीची वाटली.

शोक, भय इत्यादिकांमुळें आवाजांत होणाऱ्या विकाराला अमरकोशांत ‘काकु’ म्हटलें आहे. मम्मटानेंही काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासांत, व्यंग्यार्थ कशाकशामुळें प्रतीत होतो हें सांगतांना, वक्ता आणि श्रोता यांच्या पाठोपाठ काकूचीच गणना केली आहे. अडचण एवढीच कीं, काकु कागदावर उतरत नाहीं. उद्गारचिन्ह दोन्ही अर्थांना सारखेंच लागू पडतें.

मग स्नेह्यांना सांगावें काय? सुनेची तक्रार सासऱ्यानें अभिमानानें छापावयास आणावी, आणि ती तक्रार आहे हें मीं त्यांना समजावून द्यावें? दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. शेवटीं त्यांच्या घरीं गेलों आणि सूनबाईला म्हटलें, ‘बाळ, तूंच वाचून दाखव.’

तिनें वाचली. मानाची ओळ किंचित् हंसून म्हटली; त्या हंसण्यांत मला ऐकूं आलेला कडवटपणा नव्हता, आणि सासऱ्यांना दिसलेली धन्यताही नव्हती. चौथी ओळ सहज गेली. पांचवीपाशीं ती थांबली. ‘हा च कोणीं घातला?’

मीं अपराध कबूल केला.

‘काका, त्यानें कुरकुर होते. बाबांच्या दुखण्यांत रात्रीं मी त्यांच्या दाराशीं बसून असें. मला कोणी बसविलें नव्हतें.’

माझे स्नेही उठून आंत गेले. परत आले तेव्हां चष्मा हातांत होता. ‘औषध द्यायची, तें आठवतें, मास्तर. रात्रभर जागी असायची, हें ठाऊक नव्हतें.’ थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, ‘आणि ती ओलांडून जाण्याची ओळ?’

‘तीही खरीच आहे, बाबा,’ सूनबाई म्हणाली.

त्यावर कोणी बोललें नाहीं. चहा आला, तो स्नेह्यांनीं आज प्रथम तिच्यापुढें सरकविला.

कविता मूळ होती तशीच वर छापली आहे. शेवटच्या ओळींत एक मात्रा कमी पडते, हें जाणकार वाचकांच्या ध्यानांत येईलच; त्याविषयीं कृपा करून पत्रें पाठवूं नयेत.