पाळणाघराचा हिशेब



गेल्या तिमाहीत आमच्या गटाच्या बैठकीला पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई आणि त्यांच्याकडे काम करणारी मावशी, अशा दोघी आल्या, एकमेकींविरुद्ध तक्रार घेऊन. मावशीला महिना दोन हजारांची वाढ हवी होती. महागाई पाहता ती जास्त नव्हेच. बाई म्हणाल्या, "द्यायला हवी हे मला कळतं हो, पण आणू कुठून?" आम्ही काहीजणींनी त्यांना लगेच मालकीण ठरवून टाकले. मीही त्यातलीच. समाजकार्याच्या वर्गात शोषक आणि शोषित नेहमी वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात!

मग बाईंची वही उघडली. २० मुले, ३ मावश्या. तिघींना दोन-दोन हजार वाढवायचे तर मुलामागे महिना ३०० रुपये. बाकी भाडे, दूध, गॅस. त्यात काटकसरीला जागा नव्हती. कारखान्यात यंत्र आणून माणसे कमी करतात. इथे एका बाईच्या मांडीवर दोन तान्ही बाळे मावतील, चार कशी मावणार?

म्हणजे फी वाढवणे आले. फी वाढली की घरोघरी वजाबाकी होते ती आईच्या पगारातून. "एवढे पाळणाघरातच जाणार तर नोकरी कशाला?" हा प्रश्न बापाच्या पगाराबद्दल विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. त्या ३०० रुपयांसाठी आई, बाई आणि मावशी एकमेकींशी भांडतात. या श्रमांवर ज्यांचे चालते ते नवरे, मालक आणि सरकार त्या भांडणात कुठेच नसतात.

सरकारने स्वतः काय केले? २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेला ३००० आणि मदतनिसाला १५०० रुपये ठरले, आणि त्याला नाव दिले 'मानधन'. त्याच वेळी केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आला. मजुरीला मजुरी म्हटले की किमान वेतन द्यावे लागते, ही खरी अडचण.

म्हणून पाळणाघरांना मदत मागायला आपण कचरू नये, असे मला वाटते. पालिकेची रिकामी खोली नाममात्र भाड्याने का मिळू नये? आणि मालकांना यात ओढायची वाटही आहे. ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ती सोय संस्थेच्या किंवा खाजगी सामायिक पाळणाघरातही करता येते. मग वस्तीतल्या पाळणाघरांनी एकत्र येऊन जवळच्या कारखान्यांकडे का जाऊ नये? अट एकच: आलेला पैसा मावश्यांच्या पगारात दिसला पाहिजे, आणि वही त्यांनाही उघडी हवी. अहमदाबादला 'सेवा'च्या 'संगिनी' सहकारी संस्थेत बालसेविका स्वतःच सभासद आहेत. तेवढे आम्हाला अजून जमलेले नाही.

आमच्याकडे पालकसभा झाली. चिठ्ठ्या मुद्दाम वडिलांच्या नावे काढल्या होत्या, सातजण आले. २०० रुपये वाढ मान्य झाली. मावश्यांना पूर्ण दोन हजार मिळू लागले आहेत, पण महिन्याला कमी पडणारे २००० रुपये बाई स्वतःच्या मिळकतीतून घालताहेत. तीन महिने जमेल, म्हणतात. कारखान्यांना पत्रे गेली आहेत, उत्तर नाही. तुमच्या भागातल्या पाळणाघरांचे हिशेब आम्हाला जरूर कळवा.